कागद, काच, पत्रा आणि अक्कलकोटची सकाळ

गुरुवारची गर्दी ओसरली की शुक्रवारी पहाटे वटवृक्ष मंदिराकडच्या गल्लीत एक मावशी पोतं घेऊन येतात. चहाची दुकानं उघडायच्या आत त्यांचं निम्मं काम उरकलेलं असतं. मागच्या श्रावणात मी त्यांच्याबरोबर तासभर थांबलो. पाण्याची बाटली हातात आली की आधी टोपण फिरवायचं, उरलेलं पाणी कडेच्या झाडाला घालायचं, बाटली पायाखाली चेपायची आणि पोत्यात टाकायची. टोपणं वेगळ्या पिशवीत. ‘टोपणाचा माल येगळा, बाटलीचा येगळा,’ एवढंच त्या म्हणाल्या. बाटली ‘पेट’ नावाच्या प्लास्टिकची असते आणि टोपण दुसऱ्या जातीच्या प्लास्टिकचं. दोन्हींचे तुकडे पाण्यात टाकले तर बाटलीचे तळाला बसतात, टोपणाचे तरंगतात. कारखान्यात याच गुणावर ते वेगळे काढतात. मावशींनी तो कारखाना पाहिलेला नाही, पण भाव त्यांना ठाऊक आहे. चहाच्या कागदी कपांचा ढीग मात्र त्यांनी तसाच सोडला. ‘ह्यो कोण घेतंय? आतनं प्लास्टिकचा पापुद्रा हाय. भंगारवाला हात बी लावत नाही.’

हे कसबाचं काम आहे, करणारी बाई कामगार आहे, हे आपल्याकडे ठणकावून सांगितलं पुण्याच्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने. या पंचायतीविषयी अक्कलकोटात बसून लिहिण्याला कारण आहे. १९७२ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यातून आणि मराठवाड्यातून जी माणसं पोट भरायला पुण्याला गेली, त्यातल्या कितीतरी बायांच्या हाती शेवटी उकिरडाच आला. बहुतेक दलित, बहुतेक भूमिहीन. शेतमजुरी सुटली, शहरात दुसरं काम कुणी देईना, मग पाठीवर पोतं आलं.

पंचायतीची सुरुवात प्रौढशिक्षणातून झाली. १९९० च्या सुमारास पुण्यातल्या एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या निरंतर व प्रौढशिक्षण विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण कचरा वेचणाऱ्या बायांमध्ये काम करू लागल्या. अक्षरओळखीपेक्षा निकडीची गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. कुंडीतला सडका ढीग उपसण्याऐवजी घरातूनच सुका कचरा वेगळा मिळाला, तर बाईचे तास वाचतात, माल स्वच्छ राहतो आणि भाव चांगला येतो. ओळखपत्रं दिली, सोसायट्यांशी बोलणी केली. मग एका वस्तीत एका व्यावसायिकाने गाडी लावून घरोघरचा कचरा उचलायची तयारी केली आणि बायांच्या पोटावरच पाय येणार असं दिसलं. त्या संघटित होऊन उभ्या राहिल्या. मे १९९३ मध्ये डॉ. बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली कचरावेचकांची परिषद भरली आणि पंचायत उभी राहिली. हमालांची संघटना बांधलेल्या माणसाने उकिरड्यावरच्या बाईला ‘कष्टकरी’ म्हटलं, हे मला फार मोलाचं वाटतं. नावातच तिची ओळख बदलली.

पुढे पालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रं मिळाली. चोरीचा आळ घेऊन कुणी अडवलं, तर दाखवायला हातात काही आलं. पतसंस्था निघाली, सावकाराचं व्याज सुटलं. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात हिशोबही मांडला गेला: एकेक कचरावेचक महिन्याला सुमारे २४६ रुपयांचं काम पालिकेला फुकट करून देत होती. तेवढा कचरा पालिकेला वाहावा लागत नव्हता. हा आकडा घेऊन बाया पालिकेत गेल्या आणि आरोग्यविम्याचा हक्क मागितला. दया मागायला नव्हे, येणं वसूल करायला. पालिकेने विम्याचा हप्ता भरला.

२००८ मध्ये पुणे महापालिकेशी करार होऊन ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था कामाला लागली. मालकी वेचकांचीच. आज साडेतीन हजारांहून अधिक जणी-जण ढकलगाडी घेऊन दारोदार ओला-सुका कचरा वेगळा घेतात. घरटी महिन्याचे ठरलेले पैसे थेट त्यांच्या हाती येतात आणि सुक्या मालाची विक्रीही त्यांचीच. जुने कपडे, भांडी, खेळणी वापरण्याजोगी असतील तर संस्था ती वेगळी गोळा करते. लाल ठिपक्याची मोहीमही त्यांचीच: वापरलेला सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे वर्गवारी करणाऱ्या बाईला तो उघडून पाहावा लागत नाही. इतकी साधी गोष्ट शिकलेल्या घरांना इतकी वर्षं सुचली नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत कचरावेचकांचा उल्लेख आला, त्यामागेही अशाच संघटनांचा रेटा होता.

आमच्या भागाला पुनर्वापर कुणी शिकवायला नको होता. फाटक्या लुगड्यांची वाकळ घरोघरी शिवली जायची. कर्नाटकाच्या वेशीवरच्या गावांत तिलाच कौदी म्हणतात. जुने कपडे घेऊन भांडं देणारी बोहारीण दारात यायची, डबा-बाटलीवालीची हाक ऐकू यायची. जिन्नसाला दुसरा जन्म असतो हे गृहीत होतं. आता ज्या वस्तूला दुसरा जन्मच नाही अशी वस्तू पाच मिनिटांसाठी विकत घेतली जाते: तो चहाचा कप, ती चकचकीत पुडी. संस्था कितीही चांगली असली तरी या मालाला गिऱ्हाईक आणू शकत नाही. तो मुळात बनवणाऱ्यानेच बंद केला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तीर्थाच्या गावात तर हे अधिकच जाणवतं. गुरुपौर्णिमा, दत्तजयंती, स्वामी समर्थांचा प्रकटदिन. एका दिवसात गावाच्या कित्येक पट माणूस येतं आणि जाताना मागे ठेवून जातं ते गावच्या चार-दोन बायांना उचलावं लागतं. त्यांना अजून ना ओळखपत्र, ना हातमोजे, ना माल निवडायला छप्पर. पुण्यात जे पंधरा वर्षांच्या झगड्याने मिळालं, ते एवढ्याशा गावात मनावर घेतलं तर एका वर्षात देता येईल. निवडायला एक शेड, वजनकाटा आणि नाव-फोटो असलेलं कार्ड, एवढीच सुरुवात पुरे.

दर्शनाला याल तेव्हा घरची बाटली भरून आणा, चहा काचेच्या पेल्यात मागा. विकतची बाटली घ्यावीच लागली, तर रिकामी झाल्यावर गटारीत भिरकावू नका. पोतं घेतलेल्या मावशी दिसल्या की त्यांच्या हातात द्या, टोपण काढून.