आफ्रिकान्स अभिवादने

दक्षिण आफ्रिका व नामिबिया या देशांत बोलल्या जाणाऱ्या आफ्रिकान्स भाषेतील, भेटीच्या व निरोपाच्या वेळची रूढ वचने. डचांनी १६५२ मध्ये केप येथे वसाहत केली. त्यांची बोली स्थानिक खोइखोइ लोक आणि आशिया-आफ्रिकेतून आणलेले गुलाम यांच्या तोंडी बदलत जाऊन ही भाषा घडली. तिच्या अभिवादनांतही हे मिश्रण दिसते.

सकाळी ‘खुया मॉरा’, दुपारी ‘खुया मिडाख’ व सायंकाळी ‘खुयनान्ट’ म्हणण्याची रीत आहे. यांतील ‘ख’ घशातून घर्षणयुक्त उच्चारला जातो. इंग्रजी भाषकांना तो अवघड वाटतो. ‘हू खान डिट?’ (कसे चालले आहे?) या प्रश्नास ‘खुट, डांकी’ (ठीक, आभारी आहे) असे ठराविक उत्तर मिळते. ‘बाया डांकी’ (फार आभारी आहे) यातील ‘डांकी’ डच मूळचा, तर ‘बाया’ हा मलायी ‘बान्याक’ (पुष्कळ) या शब्दापासून आलेला आहे. निरोपाच्या ‘टॉटसीन्स’चा अर्थ ‘पुन्हा भेटेपर्यंत’ असा होतो.

वडीलधाऱ्यांना, नाते नसले तरी, ‘ओम’ (काका) व ‘टानी’ (काकू, मावशी) असे संबोधतात. सर्वनामाच्या जागीही हेच शब्द येतात. ‘ओम कसे आहेत?’ असे खुद्द त्या गृहस्थांनाच विचारले जाते.

नित्य सहवासामुळे ‘या’ (होय), ‘लेकर’ (छान), ‘ओम’, ‘टानी’ हे शब्द तेथील इंग्रजीत रुळले. त्या इंग्रजीतील ‘हाउझिट’ हे अभिवादन मूळ इंग्रजी प्रश्नाचे संक्षिप्त रूप असून, त्याच्या प्रसारास आफ्रिकान्समधील तत्सदृश प्रश्नाचा हातभार लागला असे मानतात.

आफ्रिकान्समधून केलेले अभिवादन मात्र सर्वत्र सारख्याच भावनेने स्वीकारले जात नाही. १९२५ मध्ये राजभाषा झालेली ही भाषा पुढे वर्णभेदी राजवटीशी निगडित झाली. शाळांतील तिच्या सक्तीविरुद्ध १९७६ मध्ये सोवेटो येथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी निदर्शने केली. पोलिसांच्या गोळीबारात अनेक मुले मृत्युमुखी पडली. त्यामुळे अनेकांच्या लेखी ती सत्ताधाऱ्यांची भाषा ठरली. तथापि तिचे बहुसंख्य भाषक गौरेतर आहेत. केप टाउन परिसरातील त्यांच्या बोलीतून आलेले ‘आवे’ हे अभिवादन इतर भाषकांतही, विशेषतः तरुणांत, पसरले आहे. १९९४ मध्ये लोकशाही आल्यावर आफ्रिकान्स ही अकरा अधिकृत भाषांपैकी एक झाली. २०२३ मध्ये संकेतभाषेच्या समावेशाने ही संख्या बारा झाली. राजसक्ती संपली, तरी परस्पर सहवासातून रुजलेले हे अभिवादनाचे शब्द इंग्रजी भाषकांच्या बोलण्यात टिकून आहेत.