प्रत्येक धाप दम्याची नसते

सत्तरी ओलांडलेल्या एका आजींना मी जवळजवळ वर्षभर दम्याची औषधे देत होतो. जिना चढताना धाप, रात्री छातीत घरघर, अधूनमधून खोकला. लक्षणे दम्याचीच वाटत. इनहेलरने मात्र फारसा उतार पडत नव्हता. एके दिवशी सूनबाई म्हणाल्या, “डॉक्टर, आई एका कुशीवर निजल्या की आवाज वाढतो.” मी पुन्हा लक्षपूर्वक छाती तपासली. शिट्टीसारखा आवाज फक्त डावीकडे येत होता. दम्याचा आवाज सहसा दोन्ही बाजूंना असतो. ही खूण माझ्या नजरेतून वर्षभर निसटली होती.

सीटी स्कॅनमध्ये श्वासनलिकेच्या डाव्या मुख्य शाखेत गाठ आढळली. दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत ती ‘हॅमार्टोमा’ ठरली, म्हणजे कूर्चा, चरबी अशा ऊतींची साधी गाठ. फुफ्फुसातील साध्या गाठींमध्ये हीच अधिक आढळते. बहुतेक वेळा ती फुफ्फुसाच्या कडेकडच्या भागात असते व त्रास देत नाही. क्वचित ती मोठ्या श्वासमार्गात वाढते आणि मग तिच्या साधेपणाचा काही उपयोग राहत नाही.

प्रौढ माणसाची मुख्य श्वासनलिका साधारण दीड ते दोन सेंटिमीटर रुंद असते. ही वाट आठ मिलिमीटरच्या आसपास आली की श्रमाने धाप लागते; पाचच्या आसपास आली की बसल्या जागीही. गाठ सावकाश वाढत असल्याने शरीर सवय करून घेते आणि आपण ‘वय झाले’ म्हणून समाधान मानतो. शाखा तुंबली तर तिच्यामागे कफ साचून त्याच जागी पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो. साध्या एक्स-रेमध्ये अशी गाठ दिसेलच असे नाही.

घरच्यांनी काय पाहावे?

• उतारवयात प्रथमच ‘दमा’ सुरू झाला आणि औषधांनी उतार नाही.
• श्वास आत घेताना गळ्याशी आवाज येतो, किंवा कूस बदलल्यावर त्रास बदलतो.
• न्यूमोनिया दरवेळी एकाच जागी होतो.
• खोकल्यातून रक्त पडते.

यांपैकी काहीही आढळल्यास छातीच्या तज्ज्ञांना दाखवावे. इनहेलर मात्र स्वतःहून बंद करू नये. बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल, ओठ निळसर पडत असतील किंवा रक्त जास्त पडत असेल, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

अशा अनेक गाठी छाती न उघडता, दुर्बिणीतून विजेच्या तारेने वा लेझरने काढता येतात. गाठ नळीच्या भिंतीबाहेर पसरली असल्यास शस्त्रक्रिया लागते. काही गाठी पुन्हा उद्भवतात, म्हणून नंतरची तपासणी टाळू नये.

आजींची गाठ दुर्बिणीतूनच निघाली. निदानाची वाट मात्र सूनबाईंच्या एका वाक्याने दाखवली. म्हणून विनंती: आवाज केव्हा येतो, कोणत्या कुशीवर वाढतो, हे कागदावर टिपून आणा. दवाखान्यातील दहा मिनिटांत आम्हाला जे ऐकू येत नाही, ते तुम्ही रात्रभर ऐकलेले असते.