बिनपगारी कामकऱ्याशी कसे बोलावे?

आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. जे शिकलो ते युनियनच्या कचेरीत आणि कारखान्याच्या फाटकावर. तेव्हा संगणकावर आम्ही काय बोलणार, असे कुणाला वाटेल. परंतु आजचा प्रश्न यंत्राचा नसून माणसांचा आहे.

ज्या प्रोग्रॅमचा सोर्स कोड, म्हणजे मूळ मांडणी, कोणासही वाचता येते, सुधारता येते आणि पुन्हा वाटता येते, ते मुक्त सॉफ्टवेअर. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरव्हाल्ड्‌स या विद्यार्थ्याने सुरू केलेले लिनक्स हे त्याचे ठळक उदाहरण. ॲण्ड्रॉइड फोन त्याच्याच गाभ्यावर चालतात. यातले पुष्कळ काम आता पगारी माणसे करतात. पण काही लहान, अत्यावश्यक भाग एखादाच गृहस्थ फावल्या वेळात, विनामोबदला सांभाळत असतो.

‘एक्सझेड’ हा असाच एक भाग. फाइली दाबून लहान करणे हे त्याचे काम. २०२२ साली काही अपरिचित नावांनी त्याच्या सांभाळकर्त्यास टोचण्या सुरू केल्या : काम संथ आहे, दुसऱ्यास नेमा. हे काम बिनपगारी आहे आणि आपली शक्ती मर्यादित आहे, असे त्याने सांगून पाहिले. त्याच सुमारास ‘जिया तान’ या नावाचा एक साहाय्यक नेटाने काम करून विश्वास मिळवीत होता. हळूहळू अधिकार त्याच्या हाती गेले, आणि २०२४ च्या आरंभी त्याने त्यात चोरदरवाजा बसविला. लॉगिन होण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, या शंकेचा पाठपुरावा आन्द्रेस फ्रॉइन्ड या अभियंत्याने केला, आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने ही गोष्ट जाहीर केली. म्हणून मोठा अनर्थ टळला. टोचणारी नावेही त्याच कटातली असावीत, असा दाट संशय आहे.

यातून काय घ्यावे? केवळ गोड बोला, एवढेच नव्हे; तो साहाय्यकही गोडच बोलत होता! खरा धडा असा की, एकट्यावर ओझे टाकून बाकीचे मागण्या करीत राहिले, की घर उघडे पडते. दहा डोळे ते काम वाचीत असते, तर टोचणी आणि गोडवा दोन्ही निष्फळ ठरते.

आमच्या युनियनमध्ये ‘मशीन बिघडले’ एवढ्यावर तक्रार घेत नाहीत. कोणते मशीन, कोणती पाळी, काय करताना, हे सांगावे लागते. येथेही तसेच : कोणती आवृत्ती, आपण काय केले, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, ते लिहावे. तीच तक्रार आधी कुणी केली आहे का, ते पाहावे. दोष कामातला दाखवावा, माणसाचा उद्धार करू नये. खुद्द टोरव्हाल्ड्‌स यांनी २०१८ साली आपल्या जहाल पत्रांबद्दल जाहीर क्षमा मागितली. आणि ‘नाही’ असे उत्तर आले, तर तो आपला अपमान समजू नये.

प्रोग्रॅम लिहिता येत नाही, ही सबब चालणार नाही. माहितीपत्रके सुधारणे, मराठी भाषांतर तपासणे, नवख्यास वाट दाखविणे, ही कामे आहेतच. सभेत मागे बसून ओरडणारे आम्ही खूप पाहिले. संघटना मात्र सतरंजी उचलणाऱ्यांच्या बळावर उभी राहिली. आपण कोणत्या बाजूस बसायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.