आंघोळीच्या पाण्यावर उन्हाळभर भाजी : परसबाग जागेवर नाही, पाण्याच्या हिशेबावर उभी राहते

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असं गावोगाव म्हटलं जातं. घरामागे उन्हाळी भाजी लावायची असेल तर वेळ नेमकी हीच. शिवरात्रीपासून होळीपर्यंत बी मातीत गेलं, तर पाडव्यानंतर ताटात भाजी येते. तोच मुहूर्त एप्रिलवर ढकलला, की कोवळ्या रोपाला थेट ४० अंशांचं ऊन झेलावं लागतं आणि मग ‘आमच्याकडे काही येतच नाही’ अशी तक्रार सुरू होते.

गरज मात्र एप्रिल-मे महिन्यातच जास्त असते. विहिरींनी तळ गाठलेला असतो, शेतातला भाजीपाला संपलेला असतो आणि आठवडी बाजारात पालेभाजीची जुडी बारीक आणि महाग होते. मग घराघरात पिठलं, डाळ, बटाटा आणि चटणी यांचं चक्र फिरत राहतं. पोट भरतं, पण अंगाला काय लागतं हा प्रश्न राहतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे निम्म्याहून जास्त. त्याची कारणं अनेक आहेत, पण ताटातली हिरवी भाजी हे त्यातलं असं कारण आहे, ज्यावर घरातल्या घरात इलाज करता येतो. ‘उमेद’ अभियानाच्या बचत गटांतून ‘माझी पोषण परसबाग’ ही मोहीम राबवली गेली, ती याचसाठी.

आधी पाणी मोजा, मग जागा

परसबाग फसते ती बहुतेक वेळा एकाच चुकीमुळे. जागा आहे म्हणून उत्साहात अर्धा गुंठा खणला जातो. मार्चमध्ये सगळं हिरवंगार दिसतं आणि मे उजाडला की पाणी पुरत नाही, सगळंच वाळून जातं. म्हणून हिशेब उलट्या बाजूने करायचा.

कडक उन्हाळ्यात एक चौरस मीटर वाफ्यातून माती आणि पानं मिळून दिवसाला साधारण ६ ते ८ लिटर पाणी उडून जातं. १० बाय १० फुटांचा तुकडा म्हणजे सुमारे ९ चौरस मीटर. त्याला रोज ५५ ते ७५ लिटर पाणी लागणार. आता घरात ५ माणसं असतील आणि प्रत्येकाच्या आंघोळीला १५ लिटरची एक बादली धरली, तरी न्हाणीतून रोज ७५ लिटर पाणी बाहेर पडतं. गणित जुळलं. म्हणजे ५ माणसांच्या घराने पहिल्या उन्हाळ्यात १० बाय १० च्या पुढे जाऊच नये. घरात तिघंच असतील तर त्याहून लहान वाफा. पावसाळ्यात हवी तेवढी बाग वाढवता येते, तेव्हा कुणी अडवत नाही.

न्हाणीचं पाणी थेट वाफ्यात सोडू नका. मोरीच्या तोंडाशी जुनी बादली किंवा डबा ठेवून त्यात खाली खडी, वर जाड वाळू भरली की साबणाचा फेस आणि केस बऱ्यापैकी अडतात. वाळू अधूनमधून धुवावी लागते, हे मात्र लक्षात ठेवा. गाळलेलं पाणी त्याच दिवशी वापरून टाका. साठवलं तर वास सुटतो आणि डास होतात ते वेगळंच. कपडे धुतलेलं सोड्याचं पाणी भाजीला नको, त्याने माती चोपण होते. संडासच्या टाकीचं पाणी तर कधीच नाही.

आणखी एक पथ्य पाळाच. जी भाजी कच्ची खातो, म्हणजे कोथिंबीर, काकडी, मुळा, तिला पिण्याचंच पाणी द्या, थोडं का असेना. सांडपाणी सगळ्यात बरं ते मांडवावर चढणाऱ्या वेलांना. पाणी मुळाशी राहतं, फळ वर लटकतं आणि ते शिजवूनच खाल्लं जातं.

वाफा उंच नको, खोल हवा

मोबाइलवर परसबागेचे व्हिडिओ पाहिले की बहुतेकांत उंच गादीवाफे दिसतात. ते पावसाळ्यासाठी चांगले, कारण पाणी साचत नाही. उन्हाळ्यात तोच वाफा चारी बाजूंनी तापतो आणि लवकर सुकतो. आपल्या कोरड्या तालुक्यांत उन्हाळ्याचा वाफा जमिनीच्या अर्धी वीत खाली घ्यायचा आणि कडेने मातीचा छोटा वरंबा करायचा. दिलेलं पाणी जागच्या जागी मुरतं.

माती खणताना शेणखत मिसळा, पण ते पुरतं कुजलेलं असू द्या. हातात घेतलं तर चहापत्तीसारखं मोकळं आणि वास नसलेलं. कच्चं शेण घातलं की हुमणी आणि वाळवी दोन्ही पाहुण्या येतात. नंतर वरून आच्छादन टाका. उसाचं पाचट, सोयाबीनचं भुसकट, गव्हाचं काड, वाळलेला पाला, घरात जे असेल ते चार बोटं जाड. काळी माती भेगाळते ती उघडी राहिल्यामुळे. झाकलेल्या वाफ्याला पाणी निम्म्या वेळीच द्यावं लागतं, असं नाही म्हणता येणार. पण बोट घालून पाहिलं तर दुसऱ्या दिवशीही ओल लागते, एवढा फरक नक्की पडतो.

गेल्या उन्हाळ्यातला माठ कोपऱ्यात पडला असेल, तर त्याचा उपयोग इथे आहे. माठ गळ्यापर्यंत जमिनीत पुरा, भोवती एक वीत अंतरावर दुधी किंवा दोडक्याच्या ३-४ बिया टोचा आणि माठात पाणी भरून तोंड झाकून ठेवा. पाणी हळूहळू पाझरतं आणि मुळं आपोआप माठाकडे जातात. दोन दिवसांसाठी गावाला जायचं झालं तरी वेल तग धरतो. फक्त माठ रंगवलेला नको, त्यातून पाझर होत नाही. आणि गाळलेलं असलं तरी साबणाचं पाणी यात भरू नका, छिद्रं बुजतात.

लावायचं काय?

मेथी आणि पालकाचा मोह आता सोडा. ऊन वाढलं की त्या पाला धरण्याऐवजी फुलावर जातात. त्यांची जागा तांदुळजा, राजगिरा, अंबाडी यांनी घ्यायची. तांदुळजा २५ ते ३० दिवसांत खुडायला येतो आणि उन्हाला दाद देत नाही. सगळं बी एकदम न टाकता दर १०-१२ दिवसांनी थोडं थोडं टाकलं तर भाजी सलग मिळते. कोथिंबीर हवीच असेल तर वेलाच्या मांडवाखाली किंवा जुन्या साडीच्या सावलीत लावा.

फळभाजीत भेंडी आणि गवार ही उन्हाळ्याची हक्काची पिकं. भेंडीचं बी रात्रभर भिजवून सकाळी लावलं की उगवण चांगली होते. ४५-५० दिवसांत तोडा सुरू. २० झाडं असली की दिवसाआड एका वेळच्या भाजीपुरती भेंडी निघते. उन्हाळ्यात पांढरी माशी वाढते आणि पानांच्या शिरा पिवळ्या पडणारा केवडा रोग पसरवते. म्हणून परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ किंवा ‘अर्का अनामिका’ यांसारखे या रोगाला दाद न देणारे वाण पाहून घ्या. तरीही एखादं झाड पिवळं पडलं तर जीव न लावता उपटून टाका. एका झाडापायी बाकीची १९ जातात.

वेलांत दोडक्याचे २, कारल्याचे २ आणि दुधीचा १ वेल ५ माणसांना पुष्कळ होतो. कारल्याच्या बीचं कवच टणक असतं, ते २४ तास भिजवा. मांडव वाफ्याच्या पश्चिमेला घातला तर दुपारनंतरचं ऊन तो अडवतो आणि खालच्या पालेभाजीला सावली मिळते. पत्र्यावर वेल सोडू नका, तापलेल्या पत्र्यावर कोवळं फळ करपतं.

‘वेलाला फुलं ढीगभर, पण फळ एक नाही,’ ही दरवर्षीची तक्रार. याची दोन कारणं. वेलाला आधी नर फुलं येतात, त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस थांबावंच लागतं. आणि ऊन फार वाढलं की मादी फुलं कमी होतात, मधमाश्याही दिसेनाशा होतात. फुलामागे इवलंसं फळ दिसतं ते मादी फूल. नर फूल तोडून त्याचे परागकण मादी फुलावर हलके टेकवले की काम होतं. दोडका आणि दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, काकडी-कारल्याचं सकाळी. त्या त्या वेळीच हे करायचं. घरातली पोरं हे काम आवडीने करतात.

कडू दुधी पोटात जाऊ देऊ नका

दुधी किंवा दोडका चिरताना बारीक तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला तर थुंकून टाका आणि अख्खं फळ फेकून द्या. शिजवून, मीठ-साखर घालून तो कडूपणा जात नाही. कडू दुधीत विषारी द्रव्य असतं. त्याचा रस पिऊन रक्ताच्या उलट्या झाल्याच्या आणि जीव गेल्याच्या घटना देशात घडल्या आहेत. चुकून खाल्ला गेला आणि उलट्या, जुलाब, पोटात कळा सुरू झाल्या तर घरी लिंबूपाणी पीत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. कारलं जन्मजात कडू, त्याला हा नियम नाही.

तितकीच धोक्याची गोष्ट म्हणजे शेतातल्या फवारणीचं उरलेलं औषध. कपाशी किंवा सोयाबीनसाठी आणलेलं कीटकनाशक ‘थोडंसंच आहे’ म्हणून घरच्या भेंडीवर मारलं जातं आणि दुसऱ्या दिवशी तीच भेंडी कढईत जाते. परसबागेत हे औषध नकोच. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यासाठी ५० ग्रॅम निंबोळी पावडर १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी गाळून, चिमूटभर साबण चुरा मिसळून संध्याकाळी फवारा. फळमाशीने डंख मारलेली काकडी-दोडकी तोडून खोल पुरून टाका. उकिरड्यावर फेकली तर माशी तिथूनच परत येते.

कुंपण नसेल तर हे सगळं शेजारच्या शेळीसाठी केलं असं समजायचं. तुराट्या, बाभळीच्या काट्या, जुन्या साड्या, काहीही चालेल. पऱ्हाट्या मात्र घराजवळ रचू नका. वाळलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या कपाशीवर जाते.

पुढच्या वर्षीचं बी

पाकिटातलं संकरित बी दुसऱ्या वर्षी धरता येत नाही, फळ वेगळंच निघतं. गावरान असेल तर धरता येतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी असंच गावरान बी जपलं आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बियांसाठी शेवटचं उरलंसुरलं फळ ठेवण्याची चूक करू नका. निरोगी वेलावरचं सुरुवातीचं एक चांगलं फळ निवडून त्याला रंगीत दोरा बांधा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी तोडणार नाही. वेलावरच पुरतं पिकून वाळू द्या. दुधी-भोपळ्याचं बी धुऊन सावलीत वाळवा, राखेत घोळून कोरड्या डब्यात भरा आणि डब्यावर नाव-महिना लिहून ठेवा. मृगाचा पाऊस पडला की त्यातल्याच चार बिया लावून पाहता येतील, बाकीच्या पुढच्या शिवरात्रीसाठी.