स्वमग्न मुलाचे कॉलेजचे पहिले वर्ष



बारावीचा निकाल लागला की गट ऑफिसात उसाच्या नोंदीबरोबर पोरांच्या ॲडमिशनच्याही गोष्टी निघतात. यंदा एका सभासद भगिनींनी विचारले, "पोरगा स्वमग्न आहे. मार्क चांगले पडलेत, पण कॉलेजात त्याचं निभंल का?" प्रश्न एका घरचा नाही, म्हणून या पानावर घेत आहोत.

स्वमग्नता, म्हणजे डॉक्टर ज्याला ऑटिझम म्हणतात ती, आईबापांच्या वागण्याने येत नाही. मेंदूची जडणघडणच निराळी असते. काही मुलांना बोलता येत नाही, जन्मभर आधार लागतो. काही अभ्यासात पुढे जातात. पण गलका सोसत नाही, ठरलेला क्रम मोडला की जीव घाबरा होतो, आडून बोललेले कळत नाही. कारखान्याच्या भोंग्यावर आपण घड्याळ लावतो. त्याच भोंग्याने असे मूल कान दाबून खाली बसते. लोक म्हणतात, पोरगं तुसडं आहे. तसे नसते.

शाळेत वर्ग एक, बाक एक, गुरुजी ओळखीचे. कॉलेजात तासागणिक खोली बदलते, तास अचानक रद्द होतो, एसटीत रेटारेटी असते. हुशार पोरगा दोन महिन्यांत घरी बसतो तो यामुळे. लावण चांगली झाली आणि आंबवणी चुकली, तर दोष बेण्याला देऊन कसे चालेल?

१९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ते आले. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल, तर सरकारी व अनुदानित कॉलेजांत अशा सर्व दिव्यांगांसाठी मिळून ५ टक्के जागा राखीव असतात. प्रवेशाच्या कमाल वयातही ५ वर्षांची सूट आहे. केंद्र सरकारच्या सूचनांप्रमाणे तीन तासांच्या पेपराला एक तास जादा मिळतो.

पुष्कळ घरांत प्रमाणपत्रच काढत नाहीत. "शिक्का बसला तर बहिणीला स्थळ कसं यायचं?" ही भीती आम्ही जाणतो. पण तो कागद कुणी चावडीवर वाचून दाखवत नाही. तो कपाटात राहतो, आणि नसला तर हक्काची जागा जाते. अर्ज ऑनलाइन करायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. पोरगा अठराचा झाला असेल, तर कॉलेजात काय सांगायचे, कुणाला सांगायचे, हे आधी त्यालाच विचारावे.

मग एवढे करावे :

(१) कॉलेज भरण्याआधी मोकळ्या आवारात दोनतीनदा न्यावे. वर्ग, पाणी, संडास, एसटीचा थांबा दाखवावा.

(२) प्राचार्यांना लेखी अर्ज द्यावा : बसायची जागा ठरलेली असावी, सूचना लेखी मिळाव्यात, गलका असह्य झाला तर बसायला शांत खोली असावी. ऊसनोंदीची पोच घेतो तशी याचीही पोच घ्यावी. शाळेने दिलेली सवलत कॉलेजात आपोआप येत नाही, मागावी लागते.

(३) अडचण सांगायला एकच प्राध्यापक ठरवून घ्यावेत. दहा जणांकडे पाठवले तर तो एकाकडेही जात नाही.

(४) जादा वेळेचा अर्ज कधी द्यायचा, ते परीक्षा विभागात पहिल्याच महिन्यात विचारावे.

आणखी एक काम गावाचे आहे. त्याच कॉलेजला जाणाऱ्या आपल्या पोरापोरींनी त्याची टिंगल करू नये, एसटीत शेजारी बसावे, तास रद्द झाला तर त्याला सांगावे. याला पैसा लागत नाही. नांग्या वेळेत भरल्या तर फड एकसारखा येतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

ज्यांच्या घरी नववी-दहावीत असे मूल आहे, त्यांनी कागद आताच तयार करावेत. प्रवेशाची यादी लागल्यावर धावाधाव करून ते वेळेत हाती येतीलच असे नाही.