पंचांगातील तिथी आणि समुद्राची वेळ

जैन घरातील भिंतीवरचे पंचांग रोज पाहिले जाते. आठम कधी, चौदस कधी, उपवास कोणत्या दिवशी, याचा निर्णय त्यावरूनच होतो. त्याच तिथीत समुद्राच्या भरती-ओहोटीची वेळही दडलेली आहे, हे मात्र रायगडच्या किनाऱ्यावर सहलीला जाणाऱ्या फार थोड्या कुटुंबांना ठाऊक असते.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्यातील एका महाविद्यालयाची सहल मुरूडच्या किनाऱ्यावर आली होती. दुपारी पाण्यात उतरलेल्या विद्यार्थ्यांपैकी चौदा जण बुडून मृत्युमुखी पडले. तेव्हा पावसाळा नव्हता आणि अमावास्या-पौर्णिमेचे उधाणही नव्हते. त्या दिवशीची तिथी होती पौष वद्य अष्टमी. अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटीचा जोर सर्वांत कमी असतो. कोळी बांधव त्याला ‘भांग’ म्हणतात. म्हणजे समुद्र जेव्हा सौम्य मानला जातो, त्याच दिवशी ही दुर्घटना घडली. केवळ उधाण टाळले म्हणजे संकट टळले, असे मानता येत नाही.

कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा हिशेब व्यापारी घराण्यांना परका नाही. तो आहे पाऊणकीचा. शुद्ध असो वा वद्य, तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अदमासे वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, आणि पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराच्या आसपास. दोन भरतींमध्ये सुमारे साडेबारा तासांचे अंतर असल्याने हीच वेळ दिवसा आणि रात्री अशी दोनदा येते. भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे. नेमकी वेळ छापील भरती-कोष्टकात पाहावी आणि किनाऱ्यावरील कोळी बांधवांना विचारावी.

या हिशेबाने अष्टमीला दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी संपते आणि सहापर्यंत पाणी चढत राहते. ते सारख्या गतीने मात्र चढत नाही. पहिल्या तासात चढ जेमतेम जाणवतो. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून एकूण चढाच्या जवळजवळ निम्मे पाणी येते. जेवण आटोपून मंडळी निर्धास्तपणे पाण्यात उतरतात, ती नेमकी याच वेळी.

अलिबागचा कुलाबा किल्ला हे याचे ठळक उदाहरण. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६८० साली ज्याचे बांधकाम सुरू केले, तो हा किल्ला ओहोटीत पायी गाठता येतो. ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी निघावे आणि पाणी वळल्यावर लगेच परतावे, हा सुरक्षित क्रम. पण किल्ल्यात फोटो, दर्शन, फराळ यांत वेळ जातो आणि परतीच्या वाटेवर गुडघाभर वाटणारे पाणी पाहता पाहता कमरेला लागते. भांगाच्या दिवसांत तर ओहोटीलाही पाणी पुरते उतरत नाही. उशीर झाल्यास पाण्यात न उतरता नाव मिळेपर्यंत किंवा पुढच्या ओहोटीपर्यंत किल्ल्यातच थांबावे.

दुसरा धोका दिसायला फसवा असतो. किनाऱ्यावर सर्वत्र लाटा फुटत असताना मध्येच एखादा पट्टा शांत आणि गडद दिसतो. लहान मुलांसाठी हीच जागा बरी, असे वाटते. प्रत्यक्षात किनाऱ्याला आलेले पाणी तेथूनच वेगाने आत परतत असते. त्या ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. अंग सैल सोडून तरंगावे, हात वर करून मदत मागावी आणि जमेल तसे किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर यावे. बुडणाऱ्यास वाचवण्यासाठी पोहण्यात तरबेज नसलेल्याने उडी घेऊ नये. एकामागून एक माणसे जातात ती त्यामुळेच. दोर, टोपण घट्ट लावलेला रिकामा पाण्याचा कॅन किंवा मोटारीची हवा भरलेली ट्यूब फेकावी आणि जीवरक्षकास हाक द्यावी. आपत्कालीन क्रमांक ११२. समुद्रातील बचावासाठी तटरक्षक दलाचा १५५४.

पावसाळ्यात तर पाण्यात पाऊल टाकूच नये. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि नारळी पौर्णिमेला सागराची पूजा करून कोळी बांधव नव्या हंगामाला आरंभ करतात. ज्यांचा जन्म लाटांवर जातो तेही या दिवसांत समुद्राचा मान राखतात. उधाणाच्या दिवशी येथील भरती साडेचार मीटरांवर चढते; त्यात पावसाळी वाऱ्याची भर पडली की वाळूवर उभी केलेली मोटारही सुरक्षित राहत नाही.

पौर्णिमा-अमावास्येची संध्याकाळही जपण्याची. त्या दिवशी सायंकाळी सहाच्या आत-बाहेर ओहोटी संपते. लांबवर उघडी पडलेली वाळू पावलांना पुढे नेते आणि पाणी परतू लागते ते अंधारात. चोविहार पाळणारे कुटुंब सूर्यास्तापूर्वी जेवणासाठी एकत्र येतेच. त्याच वेळी सर्वांनी किनारा सोडावा.

सहलीच्या आदल्या रात्री थेपले आणि खाखऱ्यांचे डबे भरले जात असताना घरातील एका वडीलधाऱ्याने पंचांग पाहून पाऊणकी करावी. भरतीची वेळ, ओहोटीची वेळ आणि पाण्याबाहेर येण्याची वेळ कागदावर लिहावी, कोष्टकाशी ताडून पाहावी आणि सकाळी गाडी निघण्यापूर्वी लहानथोरांना वाचून दाखवावी.