पाणी आले, निचरा राहिला

नीरा डावा कालवा 1885 साली सुरू झाला आणि बारामतीकडच्या दुष्काळी मुलखात ऊस उभा राहिला. त्या पाण्याने माणसे जगली, हे आधी मान्य केले पाहिजे. पण पाणी शेतात आणण्याची सोय झाली, जास्तीचे बाहेर काढण्याची झाली नाही. काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरते. भरमसाट पाटपाण्याने भूजल वर आले, उन्हाने पाणी उडून गेले आणि क्षार वर साचत राहिले.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि ताम्हणे यांनी 1910 मध्ये नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका काढली. म्हणजे सरकारदरबारी या दुखण्याची नोंद होऊन शंभराहून अधिक वर्षे झाली. पुढे पाडेगावला ऊस संशोधन केंद्र आले. बसू आणि शिरूर या संशोधकांनी दख्खनच्या कालव्यांखालच्या जमिनींचे थर तपासून वर्गीकरण मांडले, ते 1938 मध्ये. कोणत्या जमिनीला किती पाणी सोसेल, याचा विचार करायला हा पाया पुरेसा होता. तरी पाणी सुटत राहिले ते उसाच्या मागणीप्रमाणे.

1969 मध्ये केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था सुरू झाली आणि तिचे मुख्य ठाणे हरियाणातल्या कर्नालला झाले. तिथल्या चोपण, म्हणजे सोडियम साचलेल्या, जमिनींत जिप्सम मिसळून आधी भात घेण्याची पद्धत बसवली गेली. जिप्सममधले कॅल्शियम मातीच्या कणांवरच्या सोडियमची जागा घेते आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली जातो. उत्तरेत लाखो हेक्टर जमीन यातून पिकाखाली आली. हे मोठेच काम. मात्र आपल्या भारी काळ्या जमिनीत पाणी खाली जाणेच अवघड, त्यामुळे निचऱ्याशिवाय जिप्समचा उपयोग थोडा.

तोवर हे दुखणे सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठांवर पोचले होते. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रात त्यावर काम झाले आहे, आणि शिरोळ तालुक्यात साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकले. पांढरी पडलेली राने तिथे पुन्हा उसाखाली आली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा टप्पा हाच. एकट्याच्या शेतातला पाइप शेजाऱ्याच्या बांधावर अडतो; पाणी नाल्यापर्यंत न्यायचे तर साऱ्या शिवाराने मिळूनच न्यावे लागते.

संशोधन कमी पडलेले नाही. कालव्याबरोबर चर खणण्याचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न मात्र प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीवर टाकला. ज्यांच्या रानात पांढरे फुटले आहे, त्यांनी जिप्समची पोती आणण्याआधी माती तपासून घ्यावी. नुसती खारवट जमीन निचऱ्याने आणि गोड्या पाण्याने धुऊन सुधारते, जिप्सम लागते ते चोपणीला. आणि गावच्या नाल्यावर अतिक्रमण झाले असेल, तर तो मोकळा करण्याचा विषय येत्या ग्रामसभेत मांडावा.